न दुखणारा डोळा

उशांचे अभ्रे बदलायला घेतले होते. निम्म्या उशा झाल्या होत्या आणि एक जाडजूड उशी अर्धी आत, अर्धी बाहेर अशी माझ्या हनुवटीखाली अडकली होती, तेवढ्यात वहिनी आली. एरवी ती जिन्यातूनच बोलत येते. "काय वन्सं, उशीशी कुस्ती चाललीय का?" असं काहीतरी ती म्हणणार, म्हणून मी आधीच तोंड हसरं करून ठेवलं होतं. ती काहीच बोलली नाही. चपला काढल्या, अभ्र्याची दोन टोकं धरली, उशी झटकून आत बसवली आणि पलंगाच्या कडेवर टेकली.

"दादा कुठाय?" मी विचारलं.

"घरी. डोळ्यावर झाकण लावून पडलेत." मग अभ्र्याची शिवण बोटाने चाचपत म्हणाली, "वन्सं, तुमच्या दादांचा डोळा माझ्यामुळे चाललाय."

उरलेल्या उशा तशाच राहिल्या.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. बाजाराच्या कोपऱ्यावर तिचं पडदे शिवायचं दुकान आहे. एक मशीन, एक लांबलचक टेबल आणि छताला टेकलेले कापडाचे गठ्ठे. सगळे तिला पडदेवाली म्हणतात. एकदा एक बाई पडदा आखूड झाला म्हणून तणतणत आल्या. वहिनीने टेप लावून पडदा मापला, बाईंकडे बघितलं आणि गंभीरपणे म्हणाली, "पडदा तेवढाच आहे हो. तुमची खिडकी वाढलीय." बाई हसत सुटल्या, आणि वहिनीने त्यांना खाली झालर जोडून दिली.

गिऱ्हाइकाला काय हवंय ते गिऱ्हाइकाच्या आधी तिला कळतं. निळं मागायला आलेल्याला ती करडं बांधून देते आणि तो पुढच्या वर्षी येऊन म्हणतो, बरं झालं तुमचं ऐकलं. घरातही तेच. कोणत्या डॉक्टरकडे जायचं, भिंतीला कोणता रंग लावायचा, माझ्या गुडघ्याला कोणतं तेल चोळायचं, सगळं तीच ठरवते. आम्हाला त्याची सवय झाली होती, आणि खरं म्हणजे सोयही.

दादा लेथवर लाकूड कातायचं काम करतो. खुर्च्यांचे पाय, जिन्याच्या कठड्याचे खांब, दारांच्या मुठी. लाकूड गरगर फिरतं, दादा पटाशी टेकवतो आणि भुशाचा फवारा उडतो. कारखान्यात त्याच्या जोडीला एक जुना मित्र आहे. तो कशावरही आधी फुंकर मारतो. चहावर, लाकडावर, इतकंच काय, टेलिफोनवरही. म्हणून त्याचं नावच फुंक्या पडलंय.

दादाच्या चेहऱ्याचं दुखणं सुरू झालं तेव्हा आम्हाला दाढ वाटली. दाढ काढली. मग शेजारचीही काढली. दुखणं होतं तिथेच होतं. उजव्या गालातून वीज जावी तशी कळ जायची. वाऱ्याची झुळूक लागली तरी कळ. घास चावला, बोलला, तोंड धुतलं, तरी कळ. चष्म्याची काडी कानावर टेकली की कळ. त्या बाजूची दाढी त्याला करता येईना. वहिनी म्हणायची, "माझा नवरा अर्धा संसारी आणि अर्धा साधू." तो हसायला जायचा आणि हसण्यानेच कळ यायची, म्हणून पुढे तिने विनोद करणं सोडलं. तिने गप्प राहायचं म्हणजे काय, हे तिला ओळखणाऱ्यालाच कळेल. दादा स्वयंपाकघरातल्या गार भिंतीला कपाळ लावून उभा राहायचा आणि ती मागे उभी राहायची, हात न लावता.

मी रोज प्रार्थना करत होते. देवा, त्याचं दुखणं मुळासकट काढ. दुसरं काही मागत नव्हते.

नसांचे डॉक्टर म्हणाले, गालातून सुई घालून त्या नसेचं मूळ तापवून बधिर करता येईल. दादा तेव्हा तपासणीच्या यंत्रापाशी रांगेत होता, रुमालाने तोंड झाकून. डॉक्टरांनी वहिनीला समोर बसवलं आणि सांगितलं, "गाल बधिर होईल, त्याची सवय होते. पण कधीकधी बुबुळावरची काचही बधिर होते. तसं झालं तर तो डोळा जन्मभर सांभाळावा लागेल. त्यांच्या कामात भुसा उडतो ना? मग बंद चष्मा लावल्याशिवाय लेथला हात लावायचा नाही. थेंब चुकवायचे नाहीत. आणि डोळा दुखत नाही म्हणजे बरा आहे, असं कधीही धरून चालायचं नाही. हे त्यांना सावकाश, नीट सांगा. आत्ता त्यांचं कशातच लक्ष नाही. मग ते काय म्हणतात ते मला कळवा."

वहिनीने कळवलं, ते तयार आहेत म्हणून. दादाला तिने गालाचं सांगितलं. डोळ्याचं सांगितलं नाही.

"का गं?" मी विचारलं.

"कारण ते नाही म्हणाले असते." ती अभ्र्याकडे बघत होती. "मागे एकदा बोलता बोलता म्हणाले होते, गाल गेला तर गेला, डोळ्याच्या आसपास कुणाला सुई घालू देणार नाही. लेथवरच्या माणसाचं डोळ्याशिवाय काय उरतं? मग मी ठरवलं, डोळा मी सांभाळीन. त्यांना कळायची गरजच काय. सगळ्यांच्या घरचे पडदे मी सांभाळते, डोळ्याचा एक पडदा सांभाळायला काय जातंय."

शस्त्रक्रियेच्या दिवशी डॉक्टरांनी दादाला विचारलं, सगळं समजलंय ना? बोललं की कळ येते म्हणून त्याने नुसती मान हलवली. वहिनी शेजारी उभी होती.

आणि दुखणं गेलं. ज्या दिवशी दादाने सफरचंदाला दात लावले त्या दिवशी आम्ही सगळेच रडलो. पूर्ण चेहऱ्याची दाढी करून तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "बघ, साधू पळाला." मी देवाचे इतके आभार मानले की देवालाही कंटाळा आला असेल.

डॉक्टरांनी कापसाचं टोक त्याच्या बुबुळाला लावून बघितलं होतं. पापणी हललीसुद्धा नव्हती. वहिनीने ते पाहिलं आणि मनाशी पक्कं केलं. रोज सकाळी टॉर्च घेऊन ती त्याच्या डोळ्यात बघायची. दादाला वाटायचं, बायको उतारवयात प्रेमात पडलीय. "काय दिसलं?" तो विचारायचा. "मीच दिसते," ती म्हणायची. थेंब घालायची तेव्हा सांगायची, थंडाव्याचे आहेत. बाजूने बंद असलेला चष्मा आणून दिला आणि म्हणाली, आता वयाने डोळा जपायला हवा. त्याने तो चार दिवस लावला. काच घामाने धुरकट होते आणि पटाशीची धार दिसत नाही म्हणून मग खिळ्याला अडकवला. कारण माहीत असतं तर अडकवला नसता. हे वाक्य त्या दिवशी वहिनी माझ्यासमोर इतक्यांदा बोलली की शेवटी मी तिचा हात धरला.

आता कारखान्यातली एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. लेथवरच्या माणसाच्या डोळ्यात भुसा जातोच. तेव्हा डोळा चोळायचा नाही, ही तिथली पहिली शिकवण. दारापाशी जायचं, मान खाली घालायची, वरची पापणी चिमटीत धरून पुढे ओढायची आणि डोळ्याला रडू द्यायचं. पाणी वाहायचं थांबलं की डोळा साफ झाला, परत कामाला. वर्षानुवर्षं सगळे असंच करत आलेत आणि कुणाचं काही बिघडलेलं नाही.

त्या दिवशी सागवानी खांब कातताना फवारा दादाच्या उजव्या अंगाला आला. फुंक्यानेच पाहिलं. "अरे, डोळ्यात गेलं तुझ्या. ये, फुंकर घालतो."

"तुझी फुंकर ठेव चहाला," दादा म्हणाला. रीतीप्रमाणे दारापाशी गेला, पापणी ओढून उभा राहिला. पाणी आलंच नाही. टोचतही नव्हतं. म्हणजे काही गेलेलंच नाही, असा हिशोब करून तो परत लेथपाशी आला. रीत बरोबर होती. पण ती ज्या डोळ्यासाठी होती तो डोळा त्याच्याकडे उरला नव्हता, आणि हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी जेवताना त्याने ही हकिगत मोठ्या ऐटीत सांगितली. "डोळा आता शहाणा झालाय. उगाच रडत नाही." वहिनीच्या हातातला चमचा ताटात पडला. तिने लगेच टॉर्च आणला. डोळा पांढराशुभ्र, ना लाल, ना सुजलेला. तिला वाटलं, वाचलो.

"तेव्हाच सांगायला हवं होतं, वन्सं. तेव्हा सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरकडे असतो. पण त्या भुशाबद्दल सांगायचं तर आधीचं सगळंच सांगावं लागलं असतं. आणि डोळा दिसत होता इतका छान."

पुढच्या दिवसांत दादा आपला नेहमीचा चष्मा सारखा पुसायला लागला. शर्टाने पुसायचा, फडक्याने पुसायचा, वहिनीच्या मऊ अस्तराच्या कापडाने पुसायचा. "काचच खराब निघाली," म्हणायचा. मग एका सकाळी टॉर्चच्या उजेडात वहिनीला बुबुळावर दुधाच्या थेंबासारखा ठिपका दिसला. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ बाईंकडे गेले. त्यांनी जंतू मारायचे थेंब दिले, डोळ्यावर झाकण लावलं आणि उद्या पुन्हा यायला सांगितलं. जखम खोल आहे, डोळा बधिर झाल्याने ती कळली नाही, कदाचित पापण्या थोड्या शिवाव्या लागतील, म्हणाल्या. तिथून दादाला घरी सोडून वहिनी थेट माझ्याकडे आली होती.

"त्यांना सांगितलंस?"

"नाही. ते म्हणतायत, माझाच हलगर्जीपणा, तू किती सांगत होतीस चष्मा लावा. वन्सं, ते माझी माफी मागतायत हो." आणि मग ती रडली. तिचे दोन्ही डोळे बघता बघता लाल झाले, नाक वाहायला लागलं. मी तिला अभ्राच दिला पुसायला.

दुसऱ्या दिवशी मीही त्यांच्याबरोबर गेले. नेत्रतज्ज्ञ बाई तरुण आहेत, तुटक बोलतात, पण विचारलं तर नीट समजावून सांगतात. दादाने विचारलं, "मला एक कळत नाही डॉक्टर. दुखणं कळलं नाही, ठीक आहे. पण कळलं नाही म्हणून जखम एवढी का वाढावी? जखम तर आपली आपण भरते ना?"

बाईंनी माझ्याकडे वळून विचारलं, "तुमच्या बोटात कुसळ गेलं तर काय होतं?"

"लाल होतं. सुजतं. ठणकतं," मी म्हणाले.

"ते लाल होण्यात आणि सुजण्यातही नसेचा हात असतो. आपल्याला वाटतं, नस म्हणजे फक्त मेंदूला निरोप देणारी तार. पण ती तिथल्या तिथेही काम करते. काही टोचलं, काही जंतू लागले, की तिच्या टोकांतून रस सुटतात. त्यांनी आजूबाजूच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि जंतू खाणाऱ्या पांढऱ्या पेशी तिकडे धावतात. आणि हे अंगाने त्या जंतूची ओळख करून घ्यायच्या आधी, पहिल्या फटक्यालाच होतं. पुरे झालं, आता आवरा, असंही नसाच कधीकधी सांगतात. बुबुळाची काच तर त्यांच्यावर फारच अवलंबून असते, कारण तिच्यात रक्तवाहिनीच नाही. नसा मात्र दाटीवाटीने आहेत. भुशाचा कण लागला की पापणी मिटते, पाणी येतं, त्या पाण्यात जंतू मारणारं द्रव्य असतं. शिवाय काचेचा वरचा थर रोज नवा बनवायला लागणारं पोषणही त्या नसांकडूनच मिळतं. तुमच्या डोळ्यात हे सगळंच मंद झालंय. कण आत राहिला, जंतू वाढले आणि आत कुणी आरडाओरडा केला नाही."

दादा ऐकत होता. मी वहिनीकडे बघत नव्हते, मुद्दाम.

मग बाईंच्या कपाळावर आठी आली. "पण शस्त्रक्रियेच्या आधी तुम्हाला हे कुणी सांगितलं नव्हतं?"

"नाही," दादा म्हणाला. "गाल बधिर होईल एवढंच."

"कमाल आहे! लाकडाच्या भुशात काम करणाऱ्या माणसाला हे सांगायचं नाही?" बाईंनी फोन उचलला. "मी त्या डॉक्टरांशी बोलते. हा सरळसरळ त्यांचा निष्काळजीपणा आहे. आज तुम्ही, उद्या आणखी कुणी."

वहिनीने हात पुढे करून फोनवर ठेवला. पडद्याचं कापड सरकू नये म्हणून ती टेबलावर ठेवते तसा, पंजा पसरून.

"त्यांनी सांगितलं होतं," ती म्हणाली. "मला सांगितलं होतं. सगळं. चष्मा, थेंब, भुसा. यांना सांगा म्हणाले होते. मी नाही सांगितलं."

बाईंनी फोन खाली ठेवला. दादाने झाकण लावलेला चेहरा तिच्याकडे वळवला. मग डाव्या डोळ्याने ती नीट दिसावी म्हणून आणखी थोडा वळवला.

"टॉर्च त्यासाठी होता?" त्याने विचारलं.

"हो."

"थंडाव्याचे थेंब?"

"हो."

तो उठून बाहेर गेला. लांब व्हरांडा होता, भिंतीला लागून बाकं. आम्ही दोघी मागून गेलो. तो बसला, मग वहिनी बसली, मध्ये एका माणसाची जागा सोडून. मी पलीकडे पाण्याच्या नळापाशी थांबले, पण ऐकू येत होतं, आणि मी ऐकलं.

"मी नाही म्हणालो असतो," दादा म्हणाला.

"म्हणूनच नाही सांगितलं."

"माहितीय. आणि नाही म्हणालो असतो तर आजही त्या भिंतीला डोकं लावून उभा असतो. तेही माहितीय." त्याने डोळ्यावरचं झाकण बोटाने चाचपलं. "पण ते नाही म्हणणं माझं होतं गं. डोळा माझा होता. तुला वाटलं, मला ते झेपणार नाही."

"मला तुमची ती कळ बघवत नव्हती."

"मग तसं म्हणायचंस."

ती माफ करा असं म्हणाली नाही. मला वाटतं, ते शब्द तिला फार सोपे वाटले असावेत. दादाही, जाऊ दे, असं म्हणाला नाही. तो उठला आणि म्हणाला, "आत चल. त्या आता जे सांगतील ते दोघं ऐकू. तू मध्ये बोलू नकोस."

बाईंनी सांगितलं ते असं. पापण्यांची बाहेरची कड शिवून डोळा अर्धा झाकायचा, म्हणजे काच सुकणार नाही. जंतू मेल्यावर दादाच्याच रक्तातलं पाणी वेगळं काढून त्याचे थेंब बनवायचे. नस जे पोषण देत होती त्यातलं थोडंफार त्यातून मिळतं. डोळा वाचेल बहुतेक. डाग मात्र राहील, आणि नजर किती परत येईल ते आत्ता सांगता येत नाही.

"शिवायला धागा कुठला वापरता?" वहिनीने विचारलं, आणि मध्ये बोलू नकोस म्हटलेलं आठवून तोंडावर हात ठेवला.

दादा म्हणाला, "सांगा तिला डॉक्टर. ते तिचं खातं आहे."

त्या दिवसानंतर वहिनीने एकही विनोद केल्याचं मला आठवत नाही. टाके घातले गेले. ठिपका पसरायचा थांबलाय, लहानही होतोय, असं बाई म्हणतात. दादाला भुशात जायला मनाई आहे, म्हणून तो दिवसभर पडद्यांच्या दुकानात स्टुलावर बसतो, उजवा डोळा अर्धा मिटलेला. येणारी माणसं विचारतात, काय झालं हो? दादा म्हणतो, "भुसा गेला." एवढंच. त्याने असं म्हटलं की वहिनी प्रत्येक वेळी मशीनवरून मान वर करते, पुढे काहीतरी येईल म्हणून. पुढे काही येत नाही.

आज दुपारी मी तिथेच होते. एक गृहस्थ आले, बैठकीच्या खोलीला निळे पडदे हवेत म्हणाले. वहिनी उठली आणि तिने निळ्या कापडाचा गठ्ठा काढून टेबलावर उलगडला. कोणती खिडकी, ऊन कुठून येतं, भिंतीचा रंग काय, एक प्रश्न नाही. गृहस्थांनाच चुकल्यासारखं झालं. "बरं दिसेल ना?" त्यांनी विचारलं.

"तुम्हाला आवडलंय ना," ती म्हणाली.

दादा स्टुलावरून म्हणाला, "करडं दाखव की त्यांना."

"त्यांनी निळं मागितलंय."

"दाखव गं. घ्यायचं का नाही हे ते ठरवतील."

तिने करड्या कापडाचा गठ्ठा काढला. तो निळ्याच्या शेजारी उलगडला आणि ती बाजूला झाली. गृहस्थांनी दोन्ही कापडं खिडकीपाशी नेऊन उजेडात धरली, पुष्कळ विचार केला आणि निळं घेतलं. वहिनीने माप लिहून घेतलं. खाली पडलेली टेप दादाने वाकून उचलली आणि तिच्या हातात दिली.

मी रोजच्यासारखी प्रार्थनेला बसले, तर काय मागावं ते सुचेना. पूर्वी दुखणं मुळासकट काढ म्हटलं होतं आणि देवाने ते तसंच काढलं होतं. शेवटी, त्या दोघांना सांभाळ, एवढंच म्हणून उठले.

दादाच्या रक्ताचे थेंब तयार झालेत. गार ठेवले नाहीत तर ते खराब होतात. उद्या सकाळी दुकान उघडण्याआधी वहिनीला थर्मासमध्ये बर्फ भरून ते आणायला रक्तपेढीत जायचं आहे.